‘पाहणे’ कुळातल्या नऊ चिठ्ठ्या

रिपनमधल्या डॉक्टर हेब्डन यांच्या कोशखान्यात मेलेल्या माणसांचं अक्षर दिवसभर हाताखालून जायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. या शब्दकोशाला फुकट वाक्यं पुरवणारे वाचक देशभर पसरलेले होते. कुणी पाद्री, कुणी निवृत्त मास्तरीण, कुणी दीपगृहावरचा राखणदार. त्यांनी पुस्तकं वाचायची, कामाचा शब्द दिसला की तळहाताएवढ्या चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात तो शब्द लिहायचा, खाली त्याचं वाक्य, त्याखाली पुस्तकाचं नाव आणि साल. शंभर-दोनशे झाल्या की गठ्ठा बांधून टपालात टाकायचा. वाचक मरून जायचा आणि त्याची चिठ्ठी वीस वर्षांनी उपयोगी पडायची. व्हिटबीच्या मिस उले यांनी टिपलेलं एक वाक्य छापायला गेलं तेव्हा त्यांच्या थडग्यावर शेवाळ धरलं होतं.

आणि कोशही साधासुधा नव्हता. शब्द ए पासून झेडपर्यंत लावणं हे हेब्डनसाहेबांना वाण्याच्या दुकानात डबे लावण्यासारखं वाटे. त्यांनी इंग्रजी शब्द लॅटिन कुळांप्रमाणे लावायला घेतले होते. एक लॅटिन मूळ, त्याचा एक भलामोठा खण, आणि त्या खणात त्या मुळाची सगळी पोरंबाळं. साहेबांना शब्दांच्या कुळांची एवढी काळजी, पण स्वतःची मुलगी कुणाच्या घरात पडली हे ते बायकोला दर नाताळात नव्याने विचारत. बत्तीस वर्षं काम चाललं होतं आणि निम्मी कुळं अजून खणांत पडून होती. जागा म्हणजे एक जुनी सातूची कोठी. पूर्वी तिथे बिअरसाठी सातू भिजवत, त्यामुळे ओल्या हवेत भिंतींना अजून आंबूस वास यायचा.

हेस्टर मेटकाफ या कोठीत एकोणीस वर्षं होती. वय त्रेचाळीस, लग्न नाही, घरी म्हातारी आई. १९२२ च्या जानेवारीत साहेबांनी तिला ‘स्पेक्’ हे कूळ संपादनाला दिलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचे ट्रॅनमर एकदम ताठ झाले. ट्रॅनमर सदुसष्ट वर्षांचे, तपकीर ओढणारे, आणि साहेबांशी वाद घालायची हिंमत असलेले कोठीतले एकटेच.

“ते कूळ मला द्या,” ते म्हणाले. “मिस मेटकाफना ‘पोर्ट’ द्या. ओझी वाहून न्यायची. स्वच्छ काम आहे.”

“तुमच्याकडे ‘टेन’ आहे ना?” साहेब चष्म्यावरून म्हणाले. “पकडून ठेवण्याचं कूळ. चार वर्षं झाली, तुम्ही ते पकडूनच बसलाय. आधी ते सोडा.”

सगळे हसले. ट्रॅनमर हसले नाहीत. हेस्टरला वाटलं, म्हातारा चांगल्या कामावर डोळा ठेवून होता. तिला रागही आला थोडा.

स्पेक् म्हणजे पाहणे. रोमन लोक एवढंसं मूळ मागे ठेवून गेले आणि इंग्रजीनं त्याला पुढून-मागून तुकडे जोडून घर भरून टाकलं. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे. प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढचं पाहणे. रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा पाहणे, आणि सस्पेक्ट म्हणजे खालून, नजर चोरून पाहणे. एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर डोळे लावून बसणे. ते काम हेस्टरची आई पाच वर्षं करत होती, कारण हेस्टरचा धाकटा भाऊ विल्फ्रिड १९१७ च्या ईस्टरच्या सोमवारी फ्रान्समध्ये आरासजवळ बेपत्ता झाला होता. तार आली ती ‘बेपत्ता’ अशी. नंतर ना देह आला, ना दुसरी तार. स्पेक् कुळातला आणखी एक शब्द म्हणजे स्पेक्टर. जे नुसतं दिसतं आणि हाती लागत नाही ते, म्हणजे भूत.

कामाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, हेस्टर ‘सर्कमस्पेक्ट’ या शब्दाची जुडी सोडून बसली होती. सर्कमस्पेक्ट म्हणजे चारी बाजूंना पाहून वागणारा, सावध. बाहेर धुकं होतं आणि गॅसचे दिवे लावून झाले होते. तिनं एक पाद्रीबाबांची चिठ्ठी उलटली, एक मिस उलेंची उलटली, आणि तिसरीवर तिचा हात थांबला. शब्द वाचायच्या आधी तिनं अक्षर ओळखलं. पेन्सिल जिभेवर ओली करून लिहिलेलं, डावीकडे कललेलं, विल्फचं.

“‘सर्कमस्पेक्ट’ माणूस इथे चारी बाजूंना पाहिल्याशिवाय डोकं वर काढत नाही. मी तसाच वागतो, म्हणून अजून टोपी घालायला डोकं आहे. पण रोज चारी बाजूंना बघून मान आखडली गं, हेट्टी.”

पुस्तकाचं नाव लिहायच्या जागी त्यानं लिहिलं होतं: वि. मेटकाफ, एक ओला खड्डा, फ्रान्स, २४ फेब्रुवारी १९१७. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक आकडा होता, ‘४/९’.

हेस्टरनं मागे वळून पाहिलं. मागे चिठ्ठ्यांचं कपाट होतं, दुसरं काही नव्हतं. तरी बराच वेळ तिला पुढे तोंड करवेना.

चार भागिले नऊचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. त्यांचे वडील शाळेत लॅटिन शिकवत, आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी पोरांना एक खेळ लावला होता. एक कूळ घ्यायचं आणि दिवसभराची हकिकत त्या कुळातल्या शब्दांनी सांगायची, दर वाक्याला एक शब्द. शब्द संपले की बोलणं संपलं, मग गुपचूप जेवायचं. विल्फ या खेळात पटाईत होता. लढाईवर गेल्यावरही तो खंदकात हाती लागेल ते पुस्तक वाचून कोशाला चिठ्ठ्या पाठवत असे, आणि दर गठ्ठ्यात हेस्टरसाठी, म्हणजे त्याच्या हेट्टीसाठी, एखादी खोटी चिठ्ठी घुसवून देई. ती तिची ती बरोबर काढून घ्यायची. म्हणजे या वेळी त्यानं एक नाही, नऊ घातल्या होत्या. अख्खं पत्र होतं ते. आणि ते तिला कधी मिळालंच नव्हतं.

का मिळालं नव्हतं हे चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. चिठ्ठी खणात लावणाऱ्यानं आपली आद्याक्षरं टाकायची असा कोठीचा नियम. अक्षरं होती ‘हे. मे.’, म्हणजे तिची स्वतःची.

मार्च १९१७ चा तो पहिला आठवडा तिला लख्ख आठवला. दोन कारकून पोरी लीड्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेल्या होत्या आणि टपालाची अकरा पोती तुंबली होती. साहेबांनी फर्मान काढलं होतं, की वाक्य वाचत बसायचं नाही, डावा कोपरा बघायचा आणि चिठ्ठी त्या शब्दाच्या खणात टाकायची, तासाला दोनशे. हेस्टर तासाला अडीचशे टाकत होती आणि तिला त्याचा अभिमान होता. सगळे गठ्ठे तिनं एकाच ढिगात ओतले होते. भावाचं अक्षर तिच्या बोटांतून नऊ वेळा गेलं आणि तिनं नऊ वेळा फक्त कोपरा पाहिला.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर आईनं विचारलं, “आज काही?” ती रोज हेच विचारायची. टपालाबद्दल विचारतेय की कामाबद्दल, हे तिनं कधी स्पष्ट केलं नव्हतं. हेस्टर म्हणाली, “काही नाही,” आणि ब्रेडला चरबी लावायला बसली.

पुढच्या दिवसांत तिनं साहेबांची शिस्त बासनात गुंडाळून ठेवली. शब्दाचा अर्थ, वाक्यांची निवड, काही नाही. ती नुसत्या जुड्या सोडायची आणि अक्षर शोधायची. ‘एक्स्पेक्ट’मध्ये पहिली मिळाली.

“‘एक्स्पेक्ट’ करू नकोस की हे पत्र आईसमोर मोठ्यानं वाचता येईल. म्हणून कोठीच्या पत्त्यावर. आमचा कॅप्टनही पोरांची पत्रं वाचतो, पण शब्दांच्या चिठ्ठ्या बघितल्या की त्याला जांभई येते. आकड्यांप्रमाणे लाव आणि वाच.”

‘इन्स्पेक्ट’मधली दुसरी. “कर्नलनं काल कंपनी ‘इन्स्पेक्ट’ केली. बुटांना नावं ठेवली. माझी नोंदवही बघून मात्र म्हणाला, हे देवासारखं अक्षर कुणाचं?”

‘प्रॉस्पेक्ट’मधली तिसरी. “तर एक ‘प्रॉस्पेक्ट’ पुढे आलाय. आघाडीपासून लांब, रूआँच्या छावणीत कारकुनाची जागा. कोरडी खोली, शेगडी, दिवसभर याद्या करायच्या. मेलेल्यांच्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या. तुझ्यासारखंच काम म्हण ना.”

पाचवी ‘स्पेक्टॅकल’मध्ये होती. “मी बोचकं बांधून निघालो तर माझ्या खड्ड्यातल्या बार्कर आणि डॉसन यांच्यापुढे काय ‘स्पेक्टॅकल’ होईल. ते तोंडानं काही म्हणणार नाहीत. चहा देतील, तेच वाईट.” सहावी ‘सस्पेक्ट’मध्ये होती. “मी ‘सस्पेक्ट’ करतो, की मी जायला घाबरतोय ते लोक भित्रा म्हणतील म्हणून. म्हणजे भित्राच झालो की मी, कसंही धरलं तरी.” सातवी ‘पर्स्पेक्टिव्ह’मध्ये. “मला आतून काही दिसत नाही. तुझा ‘पर्स्पेक्टिव्ह’ हवा. घरात डोकं तुझंच ठिकाणावर आहे, हे मी बाबा गेल्यापासून मानत आलोय, सांगितलं कधी नाही.”

आठवी ‘स्पेक्टर’च्या जुडीत होती. 

“‘स्पेक्टर’ होऊन तुझ्या खुर्चीमागे उभा राहण्यापेक्षा जिवंत कारकून बरा, असं तुला वाटत असेल तर एकच शब्द लिही. ‘जा.’ पंचवीस मार्चपर्यंत जागा राखून ठेवतील.”

मार्चमध्ये हेस्टरनं त्याला दोन पत्रं लिहिली होती. पहिल्यात मोजे पाठवल्याचं होतं. दुसऱ्यात आईचा गुडघा आणि शेजारच्या मांजरीची चार पिल्लं. भाऊ तिकडे एका शब्दाची वाट बघत बसला होता आणि तिनं त्याला पिल्लांचे रंग कळवले होते. त्याच्याकडून नंतर एक छापील कार्ड आलं, ‘मी ठीक आहे’वर खूण केलेलं, आणि मग तार.

आता नववी राहिली होती. आणि सगळं त्या नवव्या चिठ्ठीवर येऊन थांबलं होतं. हेस्टर काही देवाधर्मातली बाई नव्हती, चर्चमध्ये ती छताच्या तुळया मोजत बसायची. पण त्या आठवड्यात तिनं मनापासून मागणं मागितलं, की नवव्या चिठ्ठीत असं असू दे, की जाऊ दे हेट्टी, तू लिही न लिही, मी माझं ठरवलंय. एवढंच वाक्य. मग ती आयुष्यभर त्याच्यासाठी रडली असती, पण स्वतःला घाबरली नसती.

कारण ती स्वतःला घाबरू लागली होती. पाठीमागे पेन्सिल जिभेवर ओली केल्याचा बारीकसा आवाज तिला यायचा. दुपारी सगळे जेवायला गेले की जास्तच. वळून बघावं तर कपाट. अठराशे त्र्याण्णव सालच्या एखाद्या मेलेल्या वकिलाची चिठ्ठी हातात यायची आणि त्यावरचं अक्षर डावीकडे कलू लागायचं. घरी जाताना कॅथीड्रलच्या भिंतीजवळ ती पावलं हळू टाकायची, मागून येणाऱ्याला गाठता यावं म्हणून, आणि मग लक्षात यायचं की मागून कुणी येत नाही. एकदा तर कोठीत एकटी असताना ती चक्क बोलली, “विल्फ, नववी कुठे घातलीस रे?” उत्तर आलं नाही याचं तिला हायसं वाटलं नाही. उलट वाईट वाटलं.

एका दुपारी तिनं कोरी चिठ्ठी घेतली आणि डाव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘जा’. खाली तारीख घातली, १० मार्च १९१७. पाच वर्षं उशीर झालेली ती चिठ्ठी हातात धरून ती कपाटांपुढून फिरली आणि तिला कळलं की ती ठेवायला जागा नाही. ‘गो’ हा शब्द लॅटिन कुळातला नव्हे. तो गावठी, इंग्रजांचा स्वतःचा, शेतातला. हेब्डनसाहेबांच्या कोशात त्याला खणच नव्हता. ती खुर्चीवर बसली आणि रुमाल तोंडात धरून रडली.

स्पेक् कुळातला प्रत्येक शब्द तिनं दोनदा चाळला होता. ‘अॅस्पेक्ट’, ‘कॉन्स्पिक्युअस’, ‘डिस्पाइज’, सगळे. शेवटी ती पुन्हा ‘रिस्पेक्ट’कडे आली, आणि या वेळी तिच्या लक्षात आलं की एवढ्या चालत्या शब्दाची जुडी फार बारीक आहे. जुडीवर कागदाची पट्टी होती, ‘नमुना पान, १९१८’. तेव्हा वर्गणीदारांना दाखवायला साहेबांनी एक पान आधी छापून घेतलं होतं, आणि त्यासाठी हा शब्द आधीच कुणीतरी संपादून टाकला होता. पट्टीवर आद्याक्षरं होती ट्रॅनमर यांची.

ट्रॅनमर शेगडीपाशी बसून चीज-ब्रेड खात होते. हेस्टर त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिनं काही विचारायच्या आधीच त्यांनी ब्रेड खाली ठेवला.

“किती मिळाल्या?” ते म्हणाले.

“आठ.”

“मी साहेबांना सांगत होतो, पोर्ट द्या म्हणून. पण या गृहस्थाला विनोद सुचला.”

“नववी तुमच्याकडे आहे?”

“मी ती नाकारली, मिस मेटकाफ. पुस्तकाचं नाव नाही, पान नाही. नाकारलेली चिठ्ठी शेगडीत टाकायची, नियम तुम्हाला माहीत आहे.” त्यांनी तपकिरीची डबी काढली आणि उघडलीच नाही. “टाकवली नाही. तोवर त्याला जाऊन वर्ष झालं होतं. म्हटलं, हिला काय सांगायचं? तुमच्या भावानं तुम्हाला काही विचारलं होतं, आणि ते तुमच्याच हातानं खणात गेलं, असं? तुम्ही मला सकाळी गुड मॉर्निंग म्हणायच्या आणि मला बूट बघावे लागायचे.”

“बाकीच्या आठ तुम्ही शोधल्या नाहीत?”

“नाही. भ्यालो.” म्हातारा उठला, आपल्या टेबलाचा खालचा कप्पा किल्लीनं उघडला आणि एका जुन्या पाकिटातून चिठ्ठी काढली. “वाचलीच पाहिजे असं नाही. मी तुमच्या जागी असतो तर... जाऊ दे. मी तुमच्या जागी नाही.”

तिनं ती तिथेच, उभ्या उभ्या वाचली.

“आईलाही वेगळं पत्र टाकून विचारलंय, पण तिचं उत्तर मला आताच पाठ आहे. म्हणून तुझ्या शब्दावर सोडलंय. तू ‘जा’ म्हणालीस तर तिचं ऐकणार नाही. काहीच लिहिलं नाहीस, तर तुझंही मत तेच आहे असं समजेन, आणि दोघींच्या मताचा ‘रिस्पेक्ट’ राखून इथेच राहीन. शब्द संपले, आता गुपचूप जेवतो. ९/९.”

“पाणी देऊ?” ट्रॅनमरनी विचारलं.

“नको,” हेस्टर म्हणाली. “मी आज लवकर जाते. साहेबांना सांगा, डोकं दुखत होतं.”

चार वाजले होते आणि धुक्यात नदीच्या पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. पाठीमागचा पेन्सिलीचा आवाज थांबला होता. त्याच्या जागी दुसरंच काही आलं होतं आणि ते तिला चालताना कळलं. ती संतापली होती. आईलाही विचारलं होतं. म्हणजे रूआँच्या जागेबद्दल आईला पाच वर्षं माहीत होतं. पाच वर्षं ती खिडकीत बसून होती, बाहेर डोळे लावून, येईल येईल म्हणत, आणि तिनंच त्याला खंदकात बसवलं होतं. हेस्टरनं तर फक्त डावा कोपरा पाहिला होता. आईनं वाक्य वाचलं होतं आणि उत्तर दिलं होतं. आज विचारायचंच, असं तिनं ठरवलं. काय शब्दांत विचारायचं तेही ठरवलं, आणि ते शब्द चांगले नव्हते. दोष दुसऱ्याच्या पदरात टाकता येईल असं दिसलं की माणसाची पावलं किती भराभर पडतात, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

आई खिडकीतच होती. मांडीवर विणकाम, पायाशी मांजर.

“आज लवकर गं?” ती म्हणाली. “आज काही?”

हेस्टरनं कोट काढला नाही. “आई, विल्फनं तुला रूआँबद्दल लिहिलं होतं?”

म्हातारीच्या सुया थांबल्या. तिनं टाका पूर्ण केला, तो ओढून घट्ट केला, आणि मग विणकाम बाजूला ठेवलं.

“लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“आणि तू काय कळवलंस?”

“थांब म्हणून कळवलं.” आईचा आवाज अगदी साधा होता. भाजीचा भाव सांगावा तसा. “चांगलं कडक लिहिलं. बाबांचं नाव घेतलं. लिहिलं, मेटकाफांचं पोरगं शेगडीपाशी बसून दुसऱ्यांची नावं लिहिणार नाही. पाद्रीबाबांच्या बायकोला वाचून दाखवलं टाकायच्या आधी. त्या म्हणाल्या, छान उतरलंय.”

हेस्टरला जे शब्द बोलायचे होते ते तोंडापर्यंत आले होते. पण आई थांबली नव्हती.

“तुला मी काही बोलले नाही. बोलले असते तर तू भांडली असतीस. पण त्यानं लिहिलं होतं, हेट्टीलाही विचारतोय. तेव्हा मी म्हटलं, बरं झालं. मी आईनं लिहायचं ते लिहिते, आणि हेट्टी लिहील ‘जा’. तू सगळंच माझ्या उलट करतेस, लहानपणापासून. आणि तो तुझंच ऐकायचा. म्हणजे मला मानही राहील आणि पोरगंही राहील.” तिनं हात मांडीवर उलटे ठेवले. “मी ते पत्र तुझ्या भरवशावर लिहिलं गं. तू आहेस म्हणून एवढं कडक लिहिलं.”

शेगडीत कोळसा सरकला. मांजर उठलं, अंग ताणलं आणि पुन्हा बसलं. हेस्टरच्या पर्समध्ये नऊ चिठ्ठ्या होत्या, आकड्यांप्रमाणे लावलेल्या.

“पाच वर्षं विचारायचं धाडस झालं नाही,” आई म्हणाली. ती खिडकीकडे पाहत नव्हती, हेस्टरकडे पाहत होती. “तू ‘जा’ लिहिलं असशील आणि त्यानं माझं ऐकलं असेल, तर मीच त्याला मारला. रोज इथे बसून मी तेवढंच बघते. तो येईल असं मला केव्हाच वाटेनासं झालंय. सांग आता. तू काय लिहिलं होतंस?”

खरं उत्तर एका शब्दाचंही नव्हतं. काहीच लिहिलं नव्हतं, एवढंच सांगायचं, चिठ्ठ्या दाखवायच्या. मग आईला कळलं असतं की पोरगा ज्या शब्दाची वाट बघत होता तो शब्द पोचलाच नाही, आणि जे पोचलं ते फक्त तिचं कडक पत्र. हेस्टरनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढ्या जवळून तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हातारी फार बारीक झाली होती.

“मी पण थांब म्हणूनच लिहिलं, आई,” हेस्टर म्हणाली.

 आईनं श्वास घेतला, तो सोडला, आणि तिचे खांदे खाली आले. मग ती रडू लागली, तोंड न लपवता, मोठ्यानं, तार आली तेव्हा रडली नव्हती तशी. हेस्टर तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. आईनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले.

“म्हणजे दोघींनी,” बऱ्याच वेळानं आई म्हणाली. “मी एकटीनं नाही.”

“नाही,” हेस्टर म्हणाली. “एकटीनं नाही.”

आईनं डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, आणि मायेच्या मागे आणखी काहीतरी होतं, जे यापुढे रोज चहाच्या वेळी तिथे असणार होतं. पोरीनंही त्याला जाऊ दिलं नाही, हे तिला आता माहीत झालं होतं.

“तू असं लिहिशील असं वाटलं नव्हतं गं,” आई म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.